टॉवरचं गाऱ्हाणं

“बा देवा रवळनाथा, सात शिवांच्या धन्या, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खा सभामंडप एका सुरात ओरडला.

“आज ही तुझी लेकरा तुझ्या पायांकडे जमली हत. तेंका एक टावर व्हयो हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तो टावर मोबाइलचो हा. तारेशिवाय लांबच्या माणसाशी बोलूचा, असो तेचो गुण. तुका तारेची गरज कधी लागली नाय, पण आमी पडलव साधी माणसा!”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाणं घालत होते जगूकाका घाडी. आमच्या माणसोळीत देवाशी बोलायचा मान घाड्यांचा, आणि देवाचं उत्तर काढून द्यायचा मान आम्हा गुरवांचा. जगूकाकांचं वय पंचाहत्तर, वजन जेमतेम चाळीस किलो आणि आवाज असा की पलीकडच्या वाडीतली गुरं चरता चरता मान वर करायची. त्या दिवशी मात्र त्यांनाही घसा ताणावा लागत होता, कारण देवळाबाहेर कंपनीचा जनरेटर भडभडत होता.

“उंची चाळीस मीटर हा, म्हाराजा!”

मी गाभाऱ्याच्या दारापाशी पाण्याचा तांब्या आणि पाकळ्यांचं तबक घेऊन बसले होते. शेजारी कंपनीचे इंजिनियर गंधे उभे होते. पंचविशीतले, पुण्याचे, बूट बाहेर काढलेले आणि एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. ते वाकून कुजबुजले, “देवाला उंचीपण सांगावी लागते?”

“नाहीतर मागाहून म्हणेल, मला कुणी सांगितलंच नव्हतं,” मी म्हटलं.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या माघातली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बीएस्सी होऊन घरी बसले होते. आमच्या गावात मोबाइल होते चार, पण ते लावायचे तर घाटीवर चढून, एका ठरावीक कातळावर एका ठरावीक कोनात उभं राहावं लागे. गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे देवळामागची राई. टॉवर तिथेच हवा, असं गंध्यांच्या यंत्राने सांगितलं होतं. जागा देवाची, म्हणून देवाला विचारणं भाग होतं. सरकारचे कागद झाले होते, ग्रामसभा झाली होती, खाली दहा-बारा शिक्के बसले होते. एकट्या रवळनाथाची संमती राहिली होती.

ती काढायची रीत, म्हणजे कौल लावायची, अशी. जगूकाकांनी प्रश्न मांडायचा. मग गुरवाने दोन ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला आणि एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्या गावात लग्नं, विहिरी, बांधावरची भांडणं, सगळं या दोन पाकळ्यांवर चाले. कोर्टात जाणारी माणसंसुद्धा आधी देवळात येऊन, कोर्टात जाऊ का, असं विचारून जात.

टॉवरच्या बाजूने होते सरपंच विश्राम तावडे. मोटारसायकल, काळा चष्मा, आणि प्रत्येक वाक्यात ‘विकास’. विरोधात होता सत्यवान परब. “देवाची राई तोडशात तर गाव बुडतलो,” असं तो महिनाभर घरोघर सांगत फिरत होता. गावात फोनचा एकुलता एक बूथ सत्यवानाचा होता, हा निव्वळ योगायोग म्हणायचा.

गाऱ्हाणं संपलं. माझे वडील, दत्ताराम गुरव, म्हणजे आमचे आबा, पाकळ्या घेऊन पाषाणासमोर उभे राहिले.

आमच्या गाभाऱ्यात कधी वीज नव्हती. एका समईच्या उजेडात देव जेवढा दिसेल तेवढाच पाहायचा. पण सरपंचांनी त्या दिवशी जनरेटरवरून वायर ओढून, दाराच्या चौकटीला हॅलोजनचा एक मोठा दिवा बांधला होता. “गंधेसायेब शूटिंग करतले. वरच्या ऑफिसाक पुरावो व्हयो,” असं त्यांनी जाहीर केलं होतं. रवळनाथ एवढ्या उजेडात मी पहिल्यांदाच पाहिला. तेलाने काळाभोर झालेला, नाकाशी जरा झिजलेला. आणि आबाही पहिल्यांदाच दिसले गावाला, त्यांच्या दोन्ही हातांसकट.

हात थरथरत होते. भातुकलीतल्या बाहुलीचा हात कुणी हलवत बसावा तसे, न थांबता.

आबांनी उजवी पाकळी लावली. बोट काढायच्या आत ती खाली आली. डावी लावायला गेले, ती त्यांच्या पायावर पडली.

मंडपात खोकण्याचे आवाज झाले.

“पुन्ना लावा,” जगूकाका म्हणाले.

आबांनी पुन्हा लावल्या. दोन्ही एकदम पडल्या. तिसऱ्यांदा एक पाकळी त्यांच्या बोटालाच चिकटून राहिली आणि दुसरी गंध्यांच्या मोज्यावर येऊन बसली. गंध्यांनी घाबरून पाय हलवला नाही.

“दोनय पडल्यो!” सरपंच उभे राहिले. “म्हणजे देवान दोनदा होय सांगल्यान.”

“दोनय पडल्यो म्हणजे देव उठान गेलो!” सत्यवान ओरडला. “ह्या भडभड्याच्या आवाजात तो तरी कसो बसतलो?”

दोन्ही बाजूंनी माणसं उठली. जगूकाकांनी हात वर केला. ते आबांच्या सगळ्यात जवळ उभे होते. त्यांनी आबांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग त्या दिव्याकडे.

“ह्यो दिवो मालवा,” ते म्हणाले. “समई रवांदे. कौल लागतलो.”

“कित्याक मालवूचो?” सरपंच म्हणाले. “काळोखात कसलो कौल? आता सगळीकडे पारदर्शक कारभार हा.”

“विश्राम, देवाक उजेड सोसत नाय.”

“चाळीस मीटरचो टावर सोसतलो आणि शंभर रुपयांचो बल्ब सोसूचो नाय?” सरपंच हसले. त्यांची माणसंही हसली. “दिवो मालवूचो नाय. गंधेसायेब, तुमी शूटिंग चालू ठेवा.”

मी आबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला होता, तर आता दोन्ही मिळून हलत होते. मग त्यांनी पाकळ्या तबकात टाकल्या, उपरण्याने हात पुसले आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले.

“शूटिंग करतास तर ह्या पण करा,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज एरवीपेक्षाही बारीक होता. “माका कंपवात झालो हा. गेला वर्षभर एकय कौल माझ्या हातान लागलेलो नाय. सगळे ह्या चेडवान लावल्यान.”

आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेही हलत होतं, त्यामुळे क्षणभर ते माझ्यावरून गंध्यांवर आणि परत माझ्यावर आलं.

खरं होतं ते. गेल्या वर्षी शिमग्यानंतर आबांचा हात हलायला लागला. गुरवपण हातावर चालतं. हात गेला हे कळलं असतं तर भावकीतल्या कुणाकडे तरी तो मान गेला असता, आणि भावकीत त्या मानाची वाट पाहणारे कमी नव्हते. भाऊ माझा मस्कतला. त्याला कौल म्हणजे छपरावरची कौलं एवढंच ठाऊक. गुरवाच्या अविवाहित मुलीला पाणी-फुलं द्यायला गाभाऱ्यात जाता येई. तेवढी मुभा आम्ही वापरली. आबा लोकांकडे पाठ करून, उपरणं पसरून उभे राहत. मी पाषाणाच्या पायाशी बसलेली असे. अंधारात माझा हात वर जाई. पाकळ्या लागल्या की आबा बाजूला होत. मागून बघणाऱ्याला दत्ताराम गुरवांची रुंद पाठ दिसे, आणि पाठ काही हलत नव्हती.

पहिल्यांदा लावायला बसले तेव्हा आबांनी एवढंच शिकवलं होतं, “दोन्यांक पाणी सारख्या, दाब सारखो. हात आपलो, मत देवाचा. मधी आपला डोक्या घालूचा नाय.”

आबांचं वाक्य संपलं आणि मंडपात जो गोंधळ झाला त्यापुढे जनरेटर ऐकू येईना.

“बाटलो! देव बाटलो!” सत्यवान पुढे आला. “बाई माणसान कौल लावूचो? वर्षभर? सगळे कौल रद्द! रद्द म्हणजे रद्द!”

“रद्द काय रे?” बायकांच्या बाजूने आवाज आला. सत्यवानाची बायको, शालनकाकी, उभी राहिली होती. “आपल्या मंगलच्या लग्नाचो कौल कधी लागलो?”

सत्यवान बोटांवर महिने मोजू लागला.

“वैशाखात,” काकीच म्हणाली. “चेडवाक आता सातवो महिनो लागलो हा. रद्द कर बघूया. तिच्या सासरी जावन तूच सांग, लगीन रद्द झाला म्हणान.”

सत्यवान खाली बसला. त्याच्या शेजारच्याने त्याला पाणी दिलं.

पण तेवढ्याने भागलं नाही. कारण आता प्रत्येकाला आपापला कौल आठवला. ज्यांचं भलं झालं होतं ते म्हणाले, बाईचा हात तर बाईचा हात, देवाने चालवून घेतलं. ज्यांचं बांधावरचं भांडण उलटं गेलं होतं ते म्हणाले, तरीच! आम्हाला तेव्हाच संशय आला होता. वरच्या वाडीचे लोक एकदम पुढे आले. त्यांनी मी दाखवलेल्या, म्हणजे देवाने दाखवलेल्या जागी विहीर खणली होती आणि वीस फुटांवर पाणी लागलं होतं.

“पाणी काय खारा लागला?” त्यांच्यातला म्हातारा विचारत होता. “बाईच्या हातान लागला म्हणान खारा लागला काय, ता सांगा!”

मला वाटलं, सरपंच तरी माझ्या बाजूने बोलतील. त्यांच्या घरी कॉम्प्युटर होता. महिलादिनाला त्यांनी भाषण केलं होतं.

“वैजू,” ते काळा चष्मा काढून म्हणाले, “तू शिकलेली मुलगी. तुका समजता. आमी आधुनिक आसव, कोण नाय म्हणता? पण सगळ्यातच आधुनिक होऊचा काय?”

“म्हणजे खंय व्हायचा आणि खंय नाय, ह्या कोण ठरयतला?” मी विचारलं.

“देव ठरयतलो,” सरपंच म्हणाले.

गंधे इतका वेळ कॅमेरा धरून उभे होते. त्यांचा चेहरा उजळला. “मग प्रश्नच मिटला की,” ते म्हणाले. “बाईने कौल लावलेला चालेल का, हे देवालाच विचारा ना.”

सूचना सगळ्यांना पटली होती. माना हलल्या. सरपंच म्हणाले, “बघा, शिक्षण म्हणतत ता ह्या.” जगूकाकांनी गाऱ्हाण्यासाठी हात जोडलेसुद्धा. आणि मग ते तसेच थांबले.

“विचारूया,” ते म्हणाले. “पण लावतलो कोण?”

आबांनी लावला असता तर दोन्ही पाकळ्या पडल्या असत्या. मी लावला असता तर मला लावायला परवानगी आहे की नाही हे मीच, परवानगी नसताना, विचारल्यासारखं झालं असतं. भावकीतल्या कुणाला बोलवावं तर जो आला असता तो उजवी कशाला पडू देईल? ही अडचण एकेकाच्या डोक्यात शिरत गेली. माणसं बोटं मोडत विचार करत होती. देव स्वस्थ होता.

शेवटी जगूकाकाच बोलले.

“पन्नास वर्सा मी हय उभो हंय,” ते म्हणाले. “दत्तारामाच्या बापाशीचे कौल बघलंय, दत्तारामाचे बघलंय. गेला वर्षभर काळोखात एक हात वर जाय, तो पण बघलंय. बांगडी हुती त्या हातात.”

“मगे बोललास कित्याक नाय?” सत्यवान ओरडला.

“माका वाटला, देवाक चलता तर माका काय म्हणान दुखता?” जगूकाकांनी मला खूण केली. “ऊठ गो. लाव. आणि दिवो रवांदे. आता सगळ्यांकच दिसांदे.”

मी उठले. तांब्या घेऊन पाषाणासमोर गेले. हॅलोजनचा चटका पाठीला लागत होता. मागे दोनशे माणसं होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यात आणि माझ्यात आबांची पाठ नव्हती.

आता मी काय केलं ते सांगते.

त्याआधी दोन महिने एका शाळेतून मला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. शाळेने फोन केला सत्यवानाच्या बूथवर, कारण दुसरीकडे कुठे करणार? सत्यवानाने ते मला चौथ्या दिवशी सांगितलं. वाटेत भेटला तेव्हा, भाताचं पोतं डोक्यावर घेऊन, जाता जाता. “अगो, तुझो फोन इल्लो. सांगूचा रवला.” मुलाखत आदल्या दिवशी होऊन गेली होती. मी घरी येऊन चुलीशी बसले आणि लाकडं विझेपर्यंत बसून राहिले.

त्यामुळे टॉवर मला हवा होता. गावाच्या विकासासाठी वगैरे नव्हे. मला तो सत्यवानाच्या नाकासमोर उभा राहिलेला बघायचा होता, चाळीस मीटर.

पाकळी घट्ट बसवायची तर पाणी कमी घ्यायचं आणि अंगठा जोरात दाबायचा. सैल ठेवायची तर पाण्याने निथळती घ्यायची आणि नुसती टेकवायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षभर सारखेपणा सांभाळताना वाकडेपणा आपोआप कळतो.

मी डाव्या पाकळीचं पाणी झटकून घेतलं आणि नख पांढरं पडेपर्यंत दाबली. उजवी ओली गच्च टेकवली. ती तेव्हाच घसरायला लागली होती. मी बाजूला झाले.

जगूकाका ओरडले, “बा देवा, टावर राईत होऊचो तर उजवो दी, नको तर डावो दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

उजवी पाकळी दोन बोटं घसरली. पाषाणावर एक बारीक खळगा आहे, तिथे येऊन थांबली. पाण्याचा एक थेंब तिच्या टोकावर लोंबत राहिला. मी मनात म्हणत होते, पड गो बाई, पड.

डावी पडली.

अंगठ्याने दाबून बसवलेली, जेमतेम ओली पाकळी, तिला पडायचं काहीच कारण नव्हतं. ती सुटली, गिरकी घेतली आणि तबकाच्या कडेवर आडवी झाली.

मी देवाकडे पाहिलं. झिजलेलं नाक आणि तेलकट कपाळ. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण मला शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखं वाटलं.

“डावो!” सत्यवान उडी मारून उभा राहिला. “डावो कौल! टावर रद्द!”

“थांब रे,” सरपंच गडबडीने म्हणाले. “ह्यो कौल धरूचो नाय. बाई माणसाचो हात. परंपरा म्हणान काय हा की नाय?”

“परंपरा तू माका शिकयतस?” सत्यवान सरपंचांच्या अंगावर गेला. “देवान बाई मान्य केल्यान! नायतर पाकळी पडली असती? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उजेडात! पारदर्शक!” मग तो माझ्याकडे वळला, त्याचे हात जोडलेले होते. “वैजू, आजपासून तू आमची गुरव. जो नाय म्हणात तेणा माझ्याशी बोलूचा.”

मागून शालनकाकी मोठ्याने हसली. मग बायकांची सगळी बाजू हसली.

एका मिनिटात गावात उलथापालथ झाली होती. विकासवाले परंपरेवर अडून बसले होते आणि परंपरावाले मला खांद्यावर घ्यायला निघाले होते. गंधे कॅमेरा बंद करून माझ्याजवळ आले. “म्हणजे आता अहवालात काय लिहू?” ते बिचारे खरंच विचारत होते. “देवस्थानाचा नकार, असं लिहिलं तर प्रकल्प दुसऱ्या गावाला जाईल.”

हे जगूकाकांनी ऐकलं. “सायेबानू, घाई करू नका,” ते म्हणाले. “देव राईत नको म्हणालो. टावर नको म्हणालो नाय. तुमची दुसरी जागा खयची?”

गंध्यांनी वही उलटली. “शाळेमागचं टेकाड. थोडं खाली आहे. टॉवर जरा उंच करावा लागेल.”

“किती?”

“पन्नास मीटर.”

जगूकाकांनी घसा साफ केला. “बा देवा म्हाराजा! राई तुझी, ती तुका लखलाभ. आता शाळेच्या पाठी पन्नास मीटर, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यावेळी सत्यवानाचा आवाज जरा कमी आला.

मी पुन्हा पाकळ्या घेतल्या. दोन्हींना सारखं पाणी. दोन्हींना सारखा दाब. हात आपला, मत देवाचं. इतक्या सारख्या मी त्याआधी कधी लावल्या नव्हत्या आणि त्यानंतरही लावल्या असतील असं वाटत नाही. बाजूला होऊन मी डोळे मिटून घेतले, म्हणून कोणती पडली ते मला आवाजावरून कळलं. सरपंच शिट्टी वाजवत होते.

सत्यवानाला आता कौल बाटला म्हणायची सोय नव्हती. पाच मिनिटांपूर्वी त्यानेच मला सगळ्या गावासमोर गुरव करून टाकलं होतं.

पुढे दिवाळीच्या सुमाराला शाळेमागे टॉवर उभा राहिला. राई जिथल्या तिथे राहिली. सत्यवानाने बूथ बंद करून तिथेच रिचार्जचं दुकान काढलं आणि टॉवरच्या उद्घाटनाला पहिला नारळ त्यानेच फोडला. मला पुढच्या जूनमध्ये शाळेत नोकरी लागली. अजूनही आठवडाभर मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवते आणि सोमवारी देवळात बसून पाकळ्या पडायची वाट बघते. गंधे दरवर्षी पाडव्याला फोन करतात.

पण त्या दिवशी, सगळं आटपून, दुपारी आम्ही घरी निघालो. आबा पुढे, मी मागे. काजूच्या बागेतून पायवाट जाते. आबा मान खाली घालून चालत होते. मला वाटलं, गुरवपण गेल्याचं त्यांना लागलं असेल.

“पयल्या खेपेक डावी दाबून लावलंस,” ते एकदम म्हणाले. मागे वळलेही नाहीत.

माझे पाय जागच्या जागी थांबले. “तुमी बघलास?”

“त्या उजेडात आंधळ्याक पण दिसला असता.”

“मगे बोललास कित्याक नाय?”

“काय बोलूचा? देवान बघून घेतल्यान.”

पुढे एका कलंडलेल्या काजूच्या खोडावर ते बसले. चढ चढून त्यांना दम लागला होता. हात गुडघ्यावर ठेवले तर गुडघेही हलायला लागले, म्हणून त्यांनी हात काखेत घातले. मी समोर उभी राहिले, खाली मान घालून. आता बोलणी बसणार.

“मी पण लावलंय तशी,” आबा म्हणाले. “एकदाच.”

“कधी?”

“तुका कॉलेजात घालूचा हुता तेव्हा. तुझी आवस नको म्हणा, भावकी नको म्हणा. चेडू तालुक्याक जावन एकट्या रवतला, लोक काय म्हणतले. म्हटलंय, देवाकच विचारूया. सकाळी देवळात दुसरा कोण नव्हता. तीनदा लावलंय.” ते थांबले. “तीनदा डावी पडली.”

वाऱ्यावर काजूच्या मोहोराचा वास येत होता.

“आणि मगे?”

“चवथ्या खेपेक उजवी नुसती टेकयलंय.”

“आणि घराकडे येवन सांगलास, देवान उजवो कौल दिल्यान.”

“दिल्यान मगे. चवथ्यांदा.”

“आबा, देवान तीनदा नको सांगलेल्यान?”

“तीनदा.”

“आणि तुमी तरी माका धाडलास? मगे देव काय म्हणालो?”

आबा खोडावर हात टेकून उठले. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

“काय म्हणतलो?” ते म्हणाले. “तुका फर्स्ट क्लासात पास केल्यान.”